शाहीदचा दात

१८ जानेवारी, मालवण

कॉलेजात असताना डायरी लिहायचे, नंतर सुटली. आज पुन्हा घेतली. सुरुवातीपासून नीट लिहिलं तर डोकं ताळ्यावर राहील असं वाटतंय.

माझी मज्जा भाईला जुळत नाही. गोव्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. शाहीद माझा थोरला भाऊ, आम्ही दोघंच. त्याच्या हाडांतली रक्त तयार करणारी मज्जा बंद पडत चालली आहे. आठवड्याला रक्ताच्या पिशव्या चढवायच्या आणि कुठे कुणी अनोळखी माणूस जुळतोय का याची वाट पाहायची. भावंडं जुळण्याची शक्यता चारात एक असते हे मला माहीत होतं. तरी मी गृहीत धरून बसले होते.

भाई नऊ वर्षं आखातात होता. तेलाच्या पाइपलाइनीचे जोड तपासायचं काम. जोडाच्या एका अंगाला किरणं सोडणारा गोळा ठेवायचा, दुसऱ्या अंगाला फिल्म, आणि माणसाच्या हाडाचा काढतात तसा लोखंडाचा फोटो काढायचा. आजार किरणांमुळेच झाला असेल असं डॉक्टरही म्हणतात, पण तोंडी. कंपनीचं म्हणणं आहे की त्याच्या छातीवरचा किरणं मोजणारा बॅज दर महिन्याला तपासला जायचा आणि त्यात कधीच काही आढळलं नाही. शून्य. तेव्हा आजाराचं कारण दुसरीकडे शोधा.

अब्बांना ते शून्य सहन होत नाही. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानात जो येईल त्याला सांगतात. आणि बाजारात माणसं सहानुभूतीने ऐकून घेतात, मग आपापसात म्हणतात, तिकडे जाऊन काय काय केलं असेल कुणास ठाऊक. अम्माच्या कानावर आलंय हे.

संध्याकाळी रिया आली होती, कुळथाची पिठी घेऊन. तिचा नवरा मंगेश भाईचा शाळेतला दोस्त. भाईनेच त्याला त्या कंपनीत लावलं, तो अजून तिथेच आहे. ती तासभर भाईसमोर बसली. सगळा वेळ त्याच्याकडे बघत होती. आजारी माणसाला असं न्याहाळत बसू नये हे काही लोकांना कळत नाही.

२१ जानेवारी

भाईची खालची दाढ सडली आहे. हिरडी सुजली. रक्त इतकं पातळ असताना दाढ काढणं धोक्याचं, आणि ठेवली तर पू अंगात पसरेल म्हणून तेही धोक्याचं. डॉक्टर म्हणाले, आधी पिशव्या चढवू, मग काढू.

मी हे ऐकत होते आणि एकदम लक्षात आलं, दात.

मला आधी कसं सुचलं नाही? मुंबईच्या प्रयोगशाळेत दहा वर्षं मी हेच करते आहे. ईएसआर, म्हणजे चुंबकी यंत्रात रेणूतला एकटा पडलेला इलेक्ट्रॉन शोधायचा, त्याच्यावरून त्या रेणूची घडण ओळखायची, तो कुणाशी आणि किती घाईने जोडी जमवतो ते बघायचं. अशा रेणूंना रॅडिकल म्हणतात; माझे डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतात. त्यांना पकडायला दुसरा रेणू सापळ्यासारखा लावावा लागतो. पण दाताच्या एनॅमलमध्ये किरणांनी तयार झालेला रॅडिकल हलत नाही. स्फटिकात गाडला जातो आणि राहतो. हे मी पुस्तकात वाचलंय, परिषदेत ऐकलंय, आणि भाई वर्षभर आजारी असताना एकदा आठवलं नाही.

दुकानात जाऊन अब्बांना सांगितलं. चुंबकात ठेवून मोजता येतं म्हटलं.

"म्हंजे माशे कसे जाळ्यात अडाकतत, तसा?" ते म्हणाले.

"तसंच. आणि सुटत नाहीत."

"आनि ता बॅजासारखा खोटा बोलणां नाय?"

"नाही अब्बा. दात कायम अंगात असतो."

ते उठून आत गेले. परत आले तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते.

भाईला सांगितलं तेव्हा मात्र तो नुसता हसला. "माझो दात? तो काय बोलतलो?"

"तू किती किरणं खाल्लीस ते."

"किती वर्सां रवता ता?"

"हजारो वर्षं राहतं."

मग भिंतीकडे तोंड करून झोपला. थकतो तो हल्ली चटकन.

३० जानेवारी, पणजी

काल दाढ निघाली. रक्त थांबायला फार वेळ लागला. अम्मा कॉरिडॉरमध्ये तसबीहचे मणी ओढत बसली होती. मी दाढ धुऊन बाटलीत घातली.

भाई गाल धरून पडला होता. म्हणाला, "फेकून दिलंस तर?"

"काय?"

"दात. फेकून दिलंस तर काय बिघाडता?"

मला वाटलं वेदनेने बोलतोय. म्हटलं, भाई, तुला खोटं ठरवलंय त्यांनी, ते खोडून काढायचं आहे. त्याने डोळे मिटले.

७ फेब्रुवारी, मुंबई

देवस्थळी मॅडम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इफ्रा, हे तू करू नयेस. तुझा भाऊ आहे तो. तुला जे दिसायला हवंय तेच दिसेल."

मी म्हटलं, दुसरं कोण करणार? आमच्याकडे दातांवर कुणी काम करत नाही. बाहेर पाठवलं तर वर्ष जाईल.

शेवटी ठरलं ते असं. दातांच्या डॉक्टरांकडून इतर माणसांच्या दाढा आणायच्या. सगळ्यांची पूड वेगळी करून मॅडमनी स्वतः नळ्या भरायच्या आणि त्यांवर खुणा घालायच्या. कुठली नळी भाईची हे मला माहीत नसेल. बरोबर आहे त्यांचं. माझ्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितलं असतं.

१५ फेब्रुवारी

आज भाईची दाढ कापली.

आतला पिवळसर भाग कोरून काढावा लागतो, तो मोजमापात घोळ घालतो. मग वरचा पांढरा थर अल्कलीच्या द्रावणात घालून स्वच्छ करायचा, वाळवायचा, खलात हलक्या हाताने फोडायचा. फार जोर दिला तर फोडण्यानेच नवे रॅडिकल तयार होतात. मी खूप हळू करत होते. वाळूसारखे दाणे झाले. लहानपणी चिवल्याच्या किनाऱ्यावर भाई माझ्या फ्रॉकच्या खिशात वाळू भरायचा आणि अम्मा मला ओरडायची.

संध्याकाळी हात धुतले, पुन्हा धुतले. जेवले नाही.

२० फेब्रुवारी

किरणं लागलेली नसली तरी माणसाच्या दाताची यंत्राच्या पडद्यावर एक बुटकी, पसरट रेघ येतेच. ती सगळ्यांच्यात सारखीच येत होती. एक नळी, दुसरी, तिसरी. चौथी लावली आणि त्या पसरट रेघेच्या बगलेतून दुसरी वर चढू लागली. उंच, टोकदार. कार्बन डायऑक्साइडचा एक इलेक्ट्रॉन जास्तीचा घेऊन बसलेला तुकडा. पुस्तकात जिथे असायला हवा नेमका तिथे.

मी नळी काढली, फिरवली, पुन्हा लावली. तीच रेघ.

मॅडमनी खुणांचा कागद काढला. मला बघायची गरज नव्हती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी यंत्र थंड ठेवणारं पाणी चालू आहे ना ते बघायला उठले. चालूच होतं.

मला आनंद झाला. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. भावाच्या दातात विष सापडलं आणि मला सगळ्यात आधी आनंद झाला.

४ मार्च

रमजान सुरू झाला. भाईला रोजे धरायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. फोनवर तेच बोलत होता, "घरात सगळे उपाशी आनि मी एकटो पेज खातंय."

आता आकडा काढायचा आहे. नुसत्या रेघेवरून कळत नाही. त्याच पुडीला मोजूनमापून आणखी किरणं द्यायची, दर वेळी रेघ किती वाढते ते टिपायचं, आणि आलेख मागे नेत जायचा, रेघ शून्याला टेकेल तिथपर्यंत. जेवढं मागे जावं लागेल तेवढं भाईने खाल्लेलं.

हे त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "खंयच्या वर्सी लागला ता कळता?"

"नाही. सगळं मिळून किती तेवढंच कळतं."

"आनि कसा लागला ता?"

"तेही नाही."

"बरा," तो म्हणाला. मग अम्माला फोन दिला.

मला वाटतं त्याला निकालाची धास्ती वाटते आहे, आकडा लहान निघेल याची. मी त्याला पुन्हा सांगितलं, काळजी करू नकोस, रेघ खूप मोठी आहे.

१२ मार्च

किरणांच्या मापात दोन ग्रेच्या वर. चूकभूल धरूनही दोनाच्या खाली येत नाही. अशा कामगाराला वर्षभरात जेवढी मुभा असते, तिच्या शंभरपट.

मॅडमनी आलेख तीनदा तपासला. म्हणाल्या, "एक दात, एक माणूस. अहवालात एवढंच लिही, आणि अनिश्चितता ठळक लिही. आजार यामुळेच झाला हे आपण सांगू शकत नाही. किरणं लागली होती एवढं सांगू शकतो."

तेवढं पुरे आहे. अब्बांना फोन केला. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी ते मोठ्याने म्हणाले, "शून्य नाय. आयकलास? शून्य नाय."

१ एप्रिल, मालवण

काल ईद झाली. शिरखुर्म्याच्या वाट्या घेऊन माणसं बसली होती आणि अब्बा सगळ्यांना दातातल्या जाळ्याची गोष्ट सांगत होते. भाई नवा सदरा घालून खुर्चीत. सदरा त्याच्या अंगावर खुंटीवर अडकवल्यासारखा. कुणी मुबारक म्हटलं की मान हलवायचा. रिया आली, वाटी हातात धरून उभीच राहिली. मला म्हणाली, "इफ्राताई, ता मोजूक दातच लागता काय?" मी हो म्हटलं. "जित्या माणसाचो कसो काढतले," असं काहीसं पुटपुटली आणि शिरखुर्मा तसाच ठेवून गेली.

आज सकाळी भाई म्हणाला, माका धक्क्यार ने. रिक्षाने गेलो. बर्फ भरून होड्या निघायच्या तयारीत होत्या. रिक्षा सावलीत लावायला सांगितली, रिक्षावाला चहाला गेला. आम्ही मागच्या सीटवर बसून राहिलो.

तो म्हणाला, "बॅज माझ्या कपाटात आसायचो."

मला आधी कळलंच नाही.

"कामाक जातना लावायचंय नाय. कपाटात ठेवून जायचंय. म्हणान शून्य."

"का?"

"बॅजात आकडो वाढलो की बसवन ठेवतत. बाहेरच्या कामार जावक देणत नाय. दुसऱ्यांदा वाढलो की घराक पाठवतत. माझ्या वांगडा काम करणाऱ्या दोघांका पाठवल्यांनी. मगे मी काढून ठेवूक लागलंय. पयल्या पयल्यान एक-दोन दिस. मगे सवय झाली. केबल अडाकली की गोळो परत शिशाच्या डब्यात जायत नाय, हातान वडूचो लागता. ता करतना बॅज आसलो तर त्याच दिसाक घरी."

समोरच्या होडीवर कुणी तरी इंजिन चालू केलं. धूर आमच्याकडे आला. मी त्याच्या नाकावर ओढणी धरली.

"कंपनीला माहीत होतं?"

"तेंका काय? तेंका काम झाला की झाला. कोणी इचारल्यान नाय, कोणी सांगल्यान नाय."

"मग तू मला दात काढायच्या आधी का नाही सांगितलंस?"

"तू इतक्या हौसेन सांगत हुतंस. आनि अब्बा." त्याने नाकावरची ओढणी बाजूला केली. "अब्बांका सांगू नको. मी गेल्यार सांग, नायतर कधीच सांगू नको."

मग त्याने जे सांगितलं ते त्याला सगळ्यात जड गेलं.

"मंगेशाक मीच शिकवलंय. पयल्याच म्हयन्यात. म्हटलंय, शाणो आसशीत तर बॅज कपाटात ठेव."

आता कळतंय रिया का येते ते. महिनोन् महिने ती पिठी आणि लाडू घेऊन येत होती, भाईचा चेहरा वाचत होती, आणि मी तिला अडाणी समजत होते.

३ एप्रिल

मंगेशला फोन केला. तो साइटवर होता, वारा ऐकू येत होता. मी स्पष्ट विचारलं. तो हसला. "शायद्यान सांगल्यान? अगो, मी बेस आसंय. वजन वाढला माझा." मे महिन्यात सुटीवर येतोय, तेव्हा बोलू म्हणाला. मग भाईला दे म्हणाला. भाईने फोन कानाला लावला, दोघे क्रिकेटबद्दल बोलले.

१० एप्रिल

अब्बांना अहवाल कंपनीला पाठवायचा आहे. कुडाळच्या वकिलाशी बोलून ठेवलंय त्यांनी. मी म्हटलं, अजून एक तपासणी बाकी आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हटलं. आज ते चिडले.

"तेव्हा फोनार सांगलंस, दोनाच्या वर. आता तपासणी कसली?"

"मॅडमना खात्री करायची आहे."

"तुझ्या मॅडमीक कंपनीचो फोन इलो काय?" आणि मग हळू आवाजात, "का तुका?"

अम्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली. भाई आत पडून सगळं ऐकत होता. खोकलासुद्धा नाही.

मी माझ्या बापाशी खोटं बोलते आहे. भाईने तसा शब्द घेतलाय म्हणून. तोही बाजूला ठेवला तरी, अहवाल गेला की ते काय म्हणतील ते मला आत्ताच दिसतंय. दात खरा असेल तर बॅज लावलेला नव्हता. कुणीही चार मिनिटांत हा निष्कर्ष काढेल. मला काढायला दोन महिने आणि एक कबुली लागली.

१६ एप्रिल

ताप. गोव्याला हलवलं.

१९ एप्रिल, पणजी

फुफ्फुसात संसर्ग. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीत. डॉक्टर फार प्रामाणिकपणे बोलतात, त्यामुळे विचारायलाही काही उरत नाही.

आज शुद्धीत होता थोडा वेळ. मंगेश इलो काय, विचारलं. म्हटलं, पुढच्या महिन्यात. "माज्यान सांगवक नाय," म्हणाला. "तू सांग."

२३ एप्रिल

भाई गेला.

२६ एप्रिल, मालवण

बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी आणि अम्मा घरी होतो. न्हाऊ घातल्यावर चेहरा दाखवला, तेव्हा गालाला दाढेच्या जागी जरासा खळगा पडलेला दिसला. मग नेलं.

परत आल्यावर शेजारचे बशीरचाचा म्हणाले, माती दिल्यावर अब्बा सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, माझो झील शाहीद खोटो नव्हतो. एवढंच. मग चपला न घालता घरी चालत आले.

रिया तीन दिवस सकाळ-संध्याकाळ येते, अम्मासाठी चहा करते, भांडी घासते. माझ्याशी नजर मिळवत नाही. मीही नाही.

५ मे

अब्बांनी मला न विचारता मुंबईला मॅडमना फोन केला. मॅडमना काहीच माहीत नव्हतं, त्यांनी सांगितलं की तपासणी कधीच पूर्ण झाली आहे. अब्बांनी अहवालाची प्रत वकिलाकडून कंपनीला पाठवून दिली.

मला राग आला नाही. एकदाचं झालं, असं वाटलं. त्याचीही लाज वाटते.

१४ मे

कंपनीच्या माणसाचा फोन दुपारी आला. दुकानात मी आणि अब्बा दोघंच होतो. अब्बांनी फोन काउंटरवर ठेवून आवाज मोठा केला. माणूस हिंदीत, फार अदबीने बोलत होता. दुःख झालं म्हणाला. आम्ही अहवालावर शंका घेत नाही म्हणाला. "पण मुस्तफासाहेब, दात खरा असेल तर त्याचा अर्थ तुमच्या मुलाने बॅज लावलेला नव्हता. आमचे नियम त्याला शिकवले होते. त्याने सही केली होती."

अब्बांनी फोन बंद केला. नायलॉनच्या दोराचं एक बंडल सुटलं होतं, ते गुंडाळायला घेतलं. अर्धं झाल्यावर म्हणाले, "असा झाला आसात?"

मी बंडलाचं सुटलेलं टोक धरलं.

"तुका ठावक हुता."

"हो."

"त्यान सांगल्यान?"

"हो, अब्बा. ईदनंतर."

त्यांनी दोर पूर्ण गुंडाळला, गाठ मारली, फळीवर ठेवला. मला वाटलं विचारतील का केलं त्याने, किंवा माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. एक मच्छीमार आला, त्याला जाळ्याला बांधायचे बोयरे दाखवले. भाव सांगितला. त्या माणसाने सवयीने विचारलं, काय मुस्तफाभाय, कंपनी काय म्हणता? अब्बा म्हणाले, "काय नाय. सोडून दिलंव ता."

१९ मे

आता ते शाहीदचं नाव काढत नाहीत. अम्मा विचारते काय झालं, मी सांगत नाही, ते सांगत नाहीत. जेवताना तिघं तीन दिशांना बघतो. मी काय मिळवलं याचा हिशेब करायला बसले तर एवढंच निघतं की वर्षभर मुलाचा आजार सोसलेल्या बापाकडे एक गोष्ट शिल्लक होती, आणि ती मी मोजून काढून घेतली.

मोजायला नको होतं का? असं मी कुठल्याच विद्यार्थ्याला सांगू शकणार नाही. स्वतःलाही नीटसं सांगता येत नाही.

२५ मे

मंगेश आला. आज त्याच्या घरी गेले. जामसंड्याला सासुरवाडीला आंबे आणायला जायच्या गडबडीत होते, तरी रियाने खुर्ची पुढे केली आणि स्वतः दारात उभी राहिली. तो खरंच जाड झालाय. भाईबद्दल बोलताना मध्येच उठून तोंड धुऊन आला.

मग हसत हसत सांगू लागला, विमानतळावर यंत्र त्याच्या बोटांचे ठसे घेईना. ही बघ, म्हणून हात पुढे केला. बोटांची टोकं गुळगुळीत, चकचकीत, नखांशेजारी काळसर भेगा. "कामान झिजली," म्हणाला.

मी त्याचा हात हातात घेतला. त्याला लहानपणापासून ओळखते, पण कधी हात धरला नव्हता. सगळं सांगितलं. भाईने धक्क्यावर काय सांगितलं, दातात काय निघालं, ही बोटं कशाने अशी होतात. मुंबईला रक्ताची तपासणी होते, दात काढायची गरज नाही, मी सोबत येते. रिया हलली नाही.

त्याने हात सोडवून घेतला नाही. म्हणाला, "कळला तर काय होतला, इफ्रा?"

"उपचार..."

"शायद्याचा तुका कळला. तो वाचलो?"

बाहेर त्याचा चुलता आंब्यांच्या पेट्यांसाठी गाडीवाल्याशी घासाघीस करत होता.

"माका ह्याच काम येता," तो म्हणाला. "नऊ वर्सां दुसरा काय केलंय नाय. थंय माझ्या हाताखाली माणसां आसत. हंय येवन काय करू, दुसऱ्याच्या होडयेर जाव?" मग रियाकडे बघून, "बॅज लावतलंय. घराक पाठवल्यांनी तर पाठवल्यांनी. झाला?"

रक्ताची तपासणी करू म्हणाला. सोमवारी सांगतो म्हणाला.

२ जून

सोमवार आला आणि गेला. काल मुंबईला निघताना त्याच्या घरावरून आले. कुलूप होतं.

११ जून, मुंबई

कामाला लागले. माझ्या जुन्या रॅडिकलांवर, पापणी लवायच्या आत जाणाऱ्या. भाईची उरलेली पूड मॅडमनी कपाटात ठेवली आहे. काय करायचं विचारलं. अजून ठरवलं नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, हे छापायला हवं, नावाशिवाय, अशा कामगारांच्या उपयोगाचं आहे. बरोबर असेल. मला अजून वाक्य सुचत नाही.

दुपारी रियाचा फोन. आधी अम्माची, अब्बांची चौकशी. अब्बा दुकानात असतात, नीट जेवतात, मीच काल बघून इलंय म्हणाली. मग मंगेशवर आली.

"ते गेले," ती म्हणाली. "परवा, मोप्याच्या विमानान. रक्ताचा काय केल्यांनी नाय. मी रडलंय, झगाडलंय, चार दिस जेवण करूक नाय. मगे म्हणाले, इफ्रान सांगला ता माझ्या ध्यानात आसा, बॅज लावतलंय. माझ्या डोक्यार हात ठेवून म्हणाले."

मग तिने विचारलं,

"इफ्राताई, तुमी ह्यातला शिकलास. तुमका म्हायती आसतला. आता बॅज लावल्यानी तर काय होवचा नाय मां? आनि ते लावतले मां?"

मला म्हणायचं होतं, बॅज किरणं अडवत नाही, नुसती मोजतो. म्हणायचं होतं, नऊ वर्षांचं आत बसलंय ते बसलंय. आणि तो लावेल की नाही हे मला काय माहीत.

"हो," मी म्हटलं. "लावेल तो. काही होणार नाही."

"बरा," ती म्हणाली. तिचा श्वास मोकळा झालेला ऐकू आला. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी यंत्रासमोर बसून होते. नळी आत होती, पण मोजणी चालू केली नव्हती.